पहाटेची मिस्सा आणि डोंगराची वाट

पावसाळा सुरू झाला की आपल्या धर्मग्रामांतून एक तक्रार दरवर्षी ऐकू येते. रविवारी भल्या पहाटे तरुण मुलामुलींचे घोळके पाठीला पिशव्या अडकवून रेल्वे स्थानकाकडे निघतात. कुणी तुंगारेश्वराच्या रानात जातात, कुणी कामणदुर्गावर, तर कुणी थेट कर्जत-लोणावळ्याकडील गडांवर. इकडे चर्चमधील बाकांवर तेवढ्या जागा मोकळ्या राहतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, "डोंगर काय पळून जाणार आहेत?" मुले म्हणतात, "आठवड्यातून सुट्टी एकच. मग आम्ही जायचे तरी कधी?" दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे आणि म्हणूनच हा वाद वर्षानुवर्षे मिटत नाही.

इतिहासाची पाने चाळली तर हा वाद आपल्यापुरता नाही आणि आजचाही नाही, असे दिसून येते. इटलीतील तुरीन शहरात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तो असाच, किंबहुना याहून अधिक तीव्रतेने उभा राहिला होता. त्या शहरातील कॅथलिकांनी त्याला दिलेले उत्तर मोठे बोधप्रद आहे. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी रोम येथे ज्याला संतपद बहाल केले, तो पिएर जोर्जो फ्रास्साती हा तरुण त्या उत्तराचेच एक फळ होय. त्याच्या भक्तिजीवनाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत लेखात, तो ज्या मंडळांच्या संगतीने डोंगरावर जात असे त्या मंडळांची आणि त्यांच्या मागील काळाची कथा सांगण्याचा विचार आहे.

श्रद्धेने चढलेले डोंगर

डोंगर चढणे ही केवळ क्रीडा आहे, ही समजूत फार जुनी नाही. पवित्र बायबलचे वाचक तर डोंगराला चांगलेच ओळखतात. मोशे सिनाय पर्वतावर चढला, एलिया होरेबवर पोहोचला, प्रभू येशू प्रार्थनेसाठी एकांतात डोंगरावर जात असे आणि रूपांतराच्या वेळी त्याने तीन शिष्यांना सोबत घेऊन उंच पर्वत गाठला. वांद्र्याच्या टेकडीवरील मोत माउलीच्या दर्शनासाठी आपले पूर्वज पायी चढण चढत, तेव्हा तेही याच परंपरेतील यात्रिक होते.

आल्प्स पर्वताच्या इतिहासात या परंपरेची एक ठळक खूण आढळते. तुरीनच्या पश्चिमेस सूझा नावाच्या गावावर रोच्चामेलोने हे ३,५३८ मीटर उंचीचे शिखर उभे आहे. १ सप्टेंबर १३५८ रोजी आस्ती येथील बोनिफाचो रोतारिओ नावाचा सरदार त्या शिखरावर चढला. तुर्कांच्या कैदेत असताना त्याने पवित्र मरियेला नवस केला होता. सुटका झाल्यावर तो फेडण्यासाठी त्याने मरियामातेचे चित्र कोरलेली तीन पदरी ब्राँझची प्रतिमा माथ्यावर नेऊन ठेवली. आल्प्समधील नोंद असलेल्या सर्वांत जुन्या शिखरारोहणांत याची गणना होते. ती प्रतिमा आजही सूझा येथे जपलेली आहे. पुढे १८९९ मध्ये याच शिखरावर मरियामातेचा ब्राँझचा पुतळा उभारण्यात आला. त्यासाठी इटलीतील लक्षावधी बालकांनी प्रत्येकी दहा-दहा सेंटेसिमी दिले होते आणि पुतळ्याचे भाग डोंगरी पलटणीच्या जवानांनी खांद्यावरून वर वाहून नेले. दरवर्षी ५ ऑगस्टला तेथे यात्रा भरते.

दुसरी खूण म्हणजे संत बर्नार्ड यांचा मठ. स्वित्झर्लंड आणि इटली यांच्यामधील सुमारे अडीच हजार मीटर उंचीच्या खिंडीत अकराव्या शतकात त्यांनी वाटसरूंसाठी आश्रयस्थान उभारले. बर्फाच्या वादळात सापडलेल्यांना शोधून काढणारे तेथील मठवासी आणि त्यांचे धिप्पाड कुत्रे जगभर प्रसिद्ध झाले. तात्पर्य, शिखरावर झेंडा रोवण्याची हौस जन्माला येण्यापूर्वी कित्येक शतके ख्रिस्ती माणूस नवस फेडण्यासाठी आणि परक्याचा जीव वाचविण्यासाठी डोंगरावर गेला होता.

हौशी मंडळांचा उदय

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चित्र बदलले. १८५७ मध्ये लंडनमध्ये पहिले अल्पाइन मंडळ निघाले. त्याचे अनुकरण इटलीतही झाले. १२ ऑगस्ट १८६३ रोजी क्विंतीनो सेल्ला यांनी आपल्या सोबत्यांसह ३,८४१ मीटर उंचीचे मोनव्हीझो शिखर सर केले आणि त्याच वर्षी २३ ऑक्टोबर रोजी तुरीनच्या व्हालेंतीनो वाड्यात इटालियन अल्पाइन मंडळाची स्थापना झाली. सेल्ला हे खाणशास्त्राचे अभियंते, खनिजांचे अभ्यासक आणि मुत्सद्दी राजकारणी होते. ज्या वाड्यात मंडळ जन्मले, त्याच वाड्यात अभियंते घडविणारी शाळा भरत असे. ती शाळा पुढे तुरीनच्या पॉलिटेक्निकमध्ये विलीन झाली. या पॉलिटेक्निकशी आपली पुन्हा गाठ पडणार आहे.

ही मंडळे देशाच्या नव्या अभिमानाची प्रतीके होती. परंतु तो काळ इटलीतील कॅथलिकांच्या दृष्टीने कसोटीचा होता. १८७० मध्ये इटलीच्या सैन्याने रोम घेतले. सेल्ला त्या वेळी अर्थमंत्री होते आणि रोम राजधानी व्हावी, या मताचे ते आग्रही पुरस्कर्ते होते. पोप पायस नववे स्वतःला व्हॅटिकनचे बंदिवान मानू लागले. श्रद्धावान कॅथलिकांनी राष्ट्रीय निवडणुकांत भाग घेऊ नये, असा दंडक घालण्यात आला. अशा वातावरणात सेल्ला यांच्या मंडळाबरोबर रविवारी डोंगरावर जाणाऱ्या तरुणाकडे त्याच्या धर्मग्रामातील वडीलधारे कोणत्या नजरेने पाहत असतील, याची कल्पना करणे कठीण नाही.

राजकारण बाजूला ठेवले तरी एक व्यावहारिक अडचण होतीच, आणि आजच्या वाचकाला ती समजावून सांगणे अवश्य आहे. त्या काळी रविवारची मिस्सा केवळ सकाळी होत असे. सायंकाळच्या मिस्सेला पोप पायस बारावे यांनी १९५३ मध्ये परवानगी दिली. शनिवारी संध्याकाळी रविवारची मिस्सा ऐकण्याची सोय तर त्याहूनही नंतरची. शिवाय ज्याला ख्रिस्तशरीर स्वीकारावयाचे असे, त्याने मध्यरात्रीपासून काहीही खाता कामा नये, पाण्याचा घोटसुद्धा घेता कामा नये, असा नियम होता. पाण्याने उपवास मोडत नाही, हेही १९५३ मध्येच ठरले. १९५७ मध्ये उपवासाची मर्यादा तीन तासांवर आणि १९६४ मध्ये एका तासावर आली.

आता रविवारच्या गिर्यारोहकाचे वेळापत्रक मांडून पाहावे. कामगार, कारकून आणि विद्यार्थी यांना सुट्टी एकच. डोंगराच्या पायथ्याशी नेणारी गाडी पहाटेची. उन्हाने बर्फ मऊ होण्यापूर्वी धोक्याचा भाग ओलांडायला हवा, म्हणजे उशिरा निघून चालत नाही. चर्चमधील मिस्सा ऐकावी तर गाडी चुकते आणि गाडी धरावी तर मिस्सा चुकते. उपाशीपोटी, पाण्याविना चढण चढत राहणे तर जिवावर बेतणारे. तेव्हा कित्येक कॅथलिक तरुणांपुढे "डोंगर की मिस्सा?" हा प्रश्न शब्दशः उभा राहत असे. दोहोंपैकी एकाला सोडचिठ्ठी द्यावी लागे.

दोर बांधलेला धर्मगुरू

या पेचावर आपल्या आचरणाने प्रकाश टाकणारे एक धर्मगुरू मिलानमध्ये होते. फादर आकिल्ले रात्ती हे एका प्राचीन ग्रंथालयात काम करीत. हस्तलिखितांच्या धुळीत वावरणारा हा विद्वान १८८८ मध्ये अल्पाइन मंडळाचा सभासद झाला. जुलै १८८९ च्या अखेरीस फादर लुईजी ग्रास्सेल्ली हे दुसरे धर्मगुरू आणि गादीन व प्रोमेंत हे दोघे वाटाडे यांच्यासह त्यांनी माकुन्यागा गावाच्या बाजूने मोंते रोझाच्या सर्वोच्च, ४,६३४ मीटर उंचीच्या शिखरावर चढाई केली. हिमप्रपातांसाठी कुप्रसिद्ध असलेल्या या पूर्वेकडील कड्यावरून तोवर एकही इटालियन तुकडी माथ्यावर गेलेली नव्हती. शिखराच्या जवळच एका अरुंद खडकावर चौघांनी रात्र जागून काढली, कारण झोप लागणे म्हणजे मृत्यूला निमंत्रण होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी नव्या खिंडीतून पलीकडे उतरण्याचा मार्ग शोधला. पुढील वर्षी माँ ब्लांवरून इटलीच्या बाजूस उतरण्याची त्यांनी शोधलेली वाट पुढे नेहमीची वाट ठरली.

फादर रात्तींनी या चढाईचा वृत्तान्त स्वतः लिहिला आहे. त्यात बढाई नाही. दगड, बर्फ, वेळ आणि वाटाड्यांचे शहाणपण यांचा काटेकोर हिशेब आहे. धाडस म्हणजे बेफिकिरी नव्हे, ही त्यांची शिकवण होती. हेच फादर रात्ती ६ फेब्रुवारी १९२२ रोजी पायस अकरावे या नावाने पोप म्हणून निवडले गेले. पुढील वर्षी, १९२३ मध्ये, त्यांनी संत बर्नार्ड यांना गिर्यारोहकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. डोंगर हा श्रद्धेचा शत्रू आहे, हे म्हणणे त्यानंतर कोणालाही सोपे राहिले नाही.

तुरीनचे उत्तर

परंतु पोपमहाशयांच्या घोषणेआधीच तुरीनने आपल्यापुरता मार्ग काढला होता. या शहराला तसा वारसाही होता. आपल्या सर्वांना परिचित असलेले संत डॉन बॉस्को यांनी १८४० च्या दशकात याच शहरातील अनाथ आणि उनाड मुलांना गोळा केले, तेव्हा सुपेर्गा टेकडीवर पायी नेणे हा त्यांच्या शिक्षणाचाच भाग होता. वाद्ये वाजवीत, गाणी म्हणत मुले निघत. वाटेत प्रार्थना आणि वर चर्चमध्ये उपासना होई. मग भाकरी, खेळ आणि परतीची वाट. मुलांना ज्या गोष्टी आवडतात त्या आपण आधी आपल्याशा कराव्यात, म्हणजे आपल्याला ज्या गोष्टी प्रिय आहेत त्या मुले आपल्याशा करतील, हे डॉन बॉस्को जाणून होते.

त्याच शहरात १९१४ मध्ये काही कॅथलिक तरुणांनी 'जोव्हाने मोंतान्या' म्हणजे 'तरुण डोंगर' नावाचे गिर्यारोहण-मंडळ स्थापन केले. त्यांचा मार्ग अगदी साधा होता. सहलीचा कार्यक्रम आखतानाच मिस्सा त्यात धरायची. कधी निघण्यापूर्वी शहरातील पहाटेची मिस्सा, कधी पायथ्याच्या खेड्यातील, तर कधी सोबत आलेल्या धर्मगुरूने डोंगरावरच अर्पण केलेली. सभासदाला घर आणि डोंगर, मिस्सा आणि मित्र यांत निवड करावी लागू नये, एवढेच त्यांनी पाहिले. हे मंडळ आजही इटलीच्या अनेक शहरांत कार्यरत आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. तुरीनच्या कॅथलिकांनी तरुणांना डोंगरावर जाण्यास मनाई केली नाही आणि रविवारच्या मिस्सेचे बंधनही सैल केले नाही. त्यांनी केवळ मिस्सेला तरुणांच्या सोबतीने प्रवासास धाडले.

'संशयित इसमां'चे मंडळ

याच वातावरणात पिएर जोर्जो फ्रास्साती वाढला. ६ एप्रिल १९०१ रोजी, पुनरुत्थान सणाच्या आदल्या दिवशी, तुरीन येथे त्याचा जन्म झाला. वडील आल्फ्रेदो हे 'ला स्ताम्पा' या मोठ्या वृत्तपत्राचे मालक-संपादक. पुढे ते सिनेटर आणि बर्लिनमध्ये इटलीचे राजदूत झाले. आई आदेलाईदे चित्रकार होती. घरात संपत्ती होती, प्रतिष्ठा होती, पण श्रद्धेची ऊब बेताचीच होती. वडील तर धर्माच्या बाबतीत उदासीनच होते. येशूसंघीय फादरांच्या शाळेत असताना पिएर जोर्जोला रोज ख्रिस्तशरीर स्वीकारण्याची परवानगी मिळाली आणि त्याने ती अखेरपर्यंत पाळली. म्हणजे वर सांगितलेला मध्यरात्रीपासूनचा उपवास हा त्याच्या रोजच्या दिनक्रमाचाच भाग होता.

पोल्लोने गावी आजोळच्या घरात सुट्टी घालवीत असताना तो पहाटे उठून ओरोपा येथील मरियामातेच्या मंदिराकडे डोंगरवाटेने पायी जाई. घरच्यांची झोप मोडू नये म्हणून खिडकीतून दोरी सोडलेली असे आणि माळी ती ओढून त्याला उठवी, असे सांगतात. न्याहारीच्या वेळेपर्यंत तो मिस्सा ऐकून परतलेला असे.

१९१८ मध्ये त्याने पॉलिटेक्निकमध्ये प्रवेश घेतला. सेल्ला यांच्याप्रमाणेच त्यानेही खाणशास्त्र निवडले. कारण मात्र वेगळे होते. खाणकामगारांचे जीवन त्या काळी सर्वांत खडतर होते आणि त्याला त्यांच्यात राहून ख्रिस्ताची सेवा करावयाची होती. त्याच वर्षी तो संत व्हिन्सेंट डी पॉल संघात दाखल झाला. १९२२ मध्ये तो संत डोमिनिकच्या तृतीय संघाचा सदस्य झाला. आणि हे सारे करीत असताना तो सेल्ला यांनी स्थापन केलेल्या अल्पाइन मंडळाचा सभासद होता, तसाच 'तरुण डोंगर' मंडळाचाही. दोन्ही मंडळांत तो सारख्याच मोकळेपणाने वावरला. पन्नास वर्षांपूर्वी ज्या दोन जगांत वैर होते, त्यांना जोडणारा दोर जणू त्याच्या कमरेला बांधलेला होता.

रविवार, १८ मे १९२४ रोजी एका डोंगरसहलीत त्याने आणि त्याच्या मित्रांनी मिळून आपले स्वतःचे एक छोटेसे मंडळ काढले. त्याचे नाव 'तिपी लोस्की'. मराठीत सांगावयाचे तर, पोलिसांच्या भाषेतील 'संशयित इसम'! सभासदांना 'भामटे' म्हणत. त्यात विद्यापीठात शिकणाऱ्या तरुणीही होत्या. मंडळाचे लुटुपुटीचे हुकूमनामे निघत, प्रत्येकाला टोपणनाव असे. पिएर जोर्जोचे नाव होते 'रोब्सपिएर'. मोजके पण अस्सल, मॅकरोनीसारखे, हे त्यांचे ब्रीद होते. सभ्य घरांतील ही मुले गाडीच्या तिसऱ्या वर्गातून मोठमोठ्याने गात जात. पिएर जोर्जोचा आवाज बेसूर होता, आणि तो सर्वांत मोठ्याने गाई.

वरवर पाहता हा निव्वळ पोरखेळ वाटावा. परंतु त्यांच्या एका दिवसाचा क्रम पाहिला की खेळातील मर्म कळते. निघण्यापूर्वी मिस्सा, वाटेत थट्टामस्करी, चढणीवर दमलेल्याचे ओझे दुसऱ्याने घेणे, माथ्यावर शिदोरी वाटून खाणे आणि उतरताना जपमाळ. प्रार्थना हा कार्यक्रमातील वेगळा, गंभीर तुकडा नव्हता आणि हसणे हे प्रार्थनेला बाधक मानले जात नव्हते. पदवीनंतर मित्र पांगणार, हे दिसू लागले तेव्हा जानेवारी १९२५ मध्ये पिएर जोर्जोने एका पत्रात असा विचार मांडला की, अंतराने न तुटणारा एकच करार आपण करावा, तो म्हणजे परस्परांसाठी प्रार्थना करण्याचा. टोपणनावांच्या या मंडळाचा खरा गाभा तो होता.

याच मित्रमंडळातील एका तरुणीवर त्याचे प्रेम होते. घरची मंडळी ते कधी मान्य करणार नाहीत, आणि आईवडिलांच्या संसारात आधीच पडलेली भेग त्यामुळे रुंदावेल, हे जाणून त्याने ते तिला कधीही कळू दिले नाही. तो तिच्यासह सर्वांबरोबर डोंगरावर जात राहिला, पूर्वीसारखाच हसत आणि गात. संतपणाची ही चढण कोणत्याही नकाशावर दाखविलेली नसते.

डोंगराखालील वादळ

त्या वर्षांची इटली शांत नव्हती. ऑक्टोबर १९२२ मध्ये मुसोलिनी सत्तेवर आला. पिएर जोर्जोच्या वडिलांनी राजदूतपदाचा राजीनामा दिला. पिएर जोर्जो स्वतः फादर लुईजी स्तुर्झो यांच्या लोकपक्षाचा कार्यकर्ता होता. १९२१ मध्ये रोममधील कॅथलिक युवकांच्या मिरवणुकीवर पोलीस तुटून पडले तेव्हा आपल्या शाखेचे निशाण त्याने हातचे सुटू दिले नव्हते. जून १९२४ मध्ये, म्हणजे 'भामट्यां'चे मंडळ निघाल्यावर महिनाभराने, फॅसिस्ट गुंड त्याच्या घरात घुसले आणि मोडतोड करू लागले. त्याने त्यांना एकट्याने पिटाळून लावले.

तरुणांना काळ्या सदऱ्यात रांगेत उभे करणे, घोषणा देण्यास लावणे आणि एकट्या नेत्यापुढे मान तुकविण्यास शिकविणे, हा नव्या राजवटीचा कार्यक्रम होता. १९२७-२८ मध्ये कॅथलिक बालवीर संघटनेवरही बंदी आली. अशा काळात दहा-वीस मित्रमैत्रिणींनी स्वेच्छेने एकत्र यावे, हुकूमनाम्यांची टिंगल करावी आणि कोणाच्याही आज्ञेवाचून डोंगर चढावा, यात नकळत एक विरोध होता.

रविवार, ७ जून १९२५. पवित्र त्रैक्याचा सण. लांझो खोऱ्यातील लुनेल्ले नावाच्या कड्यांवर मंडळी गेली होती. तेथे काढलेल्या एका छायाचित्रात पिएर जोर्जो खडकाला हात देऊन वर पाहत चढताना दिसतो. त्या छायाचित्रावर त्याने स्वतःच्या हाताने दोनच शब्द लिहिले, 'वर्सो लाल्तो'. अर्थ, उंचीच्या दिशेने. ही त्याची शेवटची चढाई ठरली. मंडळाच्या स्थापनेपासून या दिवसापर्यंत बरोबर पंचावन्न आठवडे झाले होते.

जूनच्या अखेरीस त्याला ताप आला, अंग दुखू लागले. त्याच सुमारास घरात आजी मृत्युशय्येवर होती. धडधाकट मुलाच्या दुखण्याकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. १ जुलैला आजीचे निधन झाले आणि त्यानंतर निदान झाले, ते पोलिओचे. गरिबांच्या कोंदट खोल्यांतून फिरताना त्याला ही लागण झाली असावी, असे डॉक्टरांचे मत पडले. शुक्रवार हा व्हिन्सेंट डी पॉल संघाच्या गृहभेटींचा दिवस. शुक्रवारी, ३ जुलैला, लुळ्या पडत चाललेल्या हाताने त्याने एका सोबत्यासाठी चिठ्ठी खरडली. एका रुग्णाची इंजेक्शने त्याच्याकडे पोहोचवावीत आणि दुसऱ्या एका गरिबाची गहाण ठेवलेली वस्तू बुडू नये म्हणून गहाणाची पावती आपल्या खर्चाने वाढवून घ्यावी, एवढाच तिचा आशय होता. दुसऱ्या दिवशी, ४ जुलै १९२५ रोजी, वयाच्या चोविसाव्या वर्षी त्याने देह ठेवला.

अंत्यविधीला शहरातील प्रतिष्ठित मंडळी येतील, अशी घरच्यांची अपेक्षा होती. ती आलीच, परंतु रस्त्यात दाटी झाली होती ती तुरीनच्या गोरगरिबांची. आपला मुलगा कोठे कोठे जात होता, हे आईवडिलांना त्या दिवशी कळले. गरिबांनाही त्या दिवशीच कळले की, आपल्या जिन्यांवरून ओझी वाहणारा हा पोरगा 'ला स्ताम्पा'च्या मालकाचा मुलगा होता.

वाट पुढे गेली

तुरीनमध्ये सापडलेली वाट तेथेच थांबली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर पोलंडमध्ये कम्युनिस्ट राजवट आली. धर्मगुरूंनी तरुणांचे गट चालविण्यास तेथे मज्जाव होता. क्राकोव शहरातील फादर कारोल वोयतिला हे साध्या कपड्यांत विद्यार्थ्यांबरोबर डोंगरांवर आणि नद्यांवर जाऊ लागले. ओळख पटू नये म्हणून मुले त्यांना 'काका' म्हणत. उलट्या ठेवलेल्या होडीची वेदी करून ते मिस्सा अर्पण करीत. पुढे हेच 'काका' पोप जॉन पॉल दुसरे झाले. जुलै १९८९ मध्ये त्यांनी पोल्लोने येथे पिएर जोर्जोच्या कबरीपाशी प्रार्थना केली आणि २० मे १९९० रोजी त्याला धन्यवादित घोषित केले. त्याला त्यांनी आठ धन्योद्गारांचा माणूस म्हणून गौरविले होते. २००८ मध्ये सिडनी येथे जागतिक युवा दिन साजरा झाला तेव्हा तुरीनच्या कॅथीड्रलमधून त्याची शवपेटी तेथे नेण्यात आली होती.

आणखी एक वर्तुळ याच काळात पूर्ण झाले. १९९६ मध्ये दक्षिण इटलीतील साला कोन्सिलीना येथे पहिली 'फ्रास्साती पायवाट' आखली गेली. त्यानंतर इटलीच्या अन्य प्रांतांतूनही अशा वाटा सिद्ध झाल्या. जुन्या चर्चवास्तू, मठ, रान आणि डोंगर यांना जोडणाऱ्या या वाटा आखण्यात पुढाकार कोणाचा? सेल्ला यांनी १८६३ मध्ये स्थापन केलेल्या त्याच अल्पाइन मंडळाचा. ज्या मंडळाच्या रविवारच्या सहलींकडे एकेकाळी कॅथलिक घरे साशंकतेने पाहत, तेच मंडळ आज एका संताच्या नावाचे फलक डोंगरवाटांवर लावीत आहे.

आपल्यापुरता विचार

हा इतिहास वाचताना आपल्या धर्मग्रामांतील तक्रार पुन्हा आठवते. महाराष्ट्रात हौशी गिर्यारोहणाची परंपराही आता जुनी झाली. मुंबईतील 'गिरिविहार' ही संस्था १९५४ सालची. तेव्हापासून सह्याद्रीच्या वाटांवर मराठी तरुणांच्या अनेक पिढ्या चालल्या आणि त्यांत आपलीही मुले होती. डोंगर त्यांना शिस्त शिकवितो, सोबत्याची जबाबदारी घ्यायला शिकवितो, जातिधर्माच्या भिंती विसरायला लावतो. यात आपण भिण्यासारखे काय आहे?

तुरीनच्या तरुणांपुढे ज्या अडचणी होत्या, त्यांतील बहुतेक आज उरलेल्या नाहीत. मध्यरात्रीपासूनचा निर्जळी उपवास गेला, तासाभराचा राहिला. शनिवारी संध्याकाळी मिस्सा ऐकता येते, रविवारी सायंकाळीही अनेक ठिकाणी ती असते. त्यांना पहाटे तीनला उठून जे साधावे लागे, ते आपल्या मुलांना थोड्या नियोजनाने साधता येईल. तरीही बाके रिकामी राहतात, याचा अर्थ अडचण वेळापत्रकाची नाही. 'तरुण डोंगर' मंडळाजवळ जे होते आणि आपल्याजवळ नाही, ते म्हणजे सोबत. तेथे श्रद्धावान मित्र मित्रांबरोबर चालत होते, धर्मगुरू दोर बांधून चढत होते. आपल्याकडे मुले एकटी जातात आणि मोठी माणसे घरी बसून त्यांची तक्रार करतात.

सहलीची सूचना फलकावर लावताना मिस्सेची वेळ तिच्यातच लिहावी, हे युवक मंडळांना सहज जमण्यासारखे आहे. वर्षातून एकदा तरी धर्मग्रामाची म्हणून डोंगरयात्रा व्हावी आणि तिच्यात आजोबांपासून नातवंडांपर्यंत ज्याला जेवढे झेपेल तेवढे त्याने चालावे, हेही अशक्य नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी पायथ्याशी शिदोरी सांभाळावी! तोही सहलीतील मानाचाच भाग आहे.

तेव्हा पुढल्या पावसाळ्यात एखादा मुलगा पाठीला पिशवी अडकवून दारात उभा राहील, त्या वेळी "डोंगर काय पळून जाणार आहेत?" हा प्रश्न त्याला विचारण्याआधी आपण स्वतःला दुसरा एक प्रश्न विचारून पाहावा. याच्याबरोबर आपल्यापैकी कोण जाणार आहे?